वर्डप्रेसमधला तयार साइटमॅप: जुन्या पुस्तकांच्या दुकानातून अभिप्राय

साइटमॅपसाठी, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची जी यादी गूगलला देतात तिच्यासाठी, लहान दुकानदाराने वेगळे पैसे मोजावेत का? अप्पा बळवंत चौकातल्या शेजाऱ्यांनी विचारलं, म्हणून लिहितो आहे. माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे. आमची जुन्या पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे, आणि वर्डप्रेस २०२० मधल्या ५.५ आवृत्तीपासून साइटमॅप स्वतःच तयार करतं.

आमच्यासारख्यांना त्याची गरज जास्त. पहिल्या पानावर फक्त नवीन आलेली पुस्तकं दिसतात, बाकीचा माल शोधपेटीत नाव टाकल्याशिवाय सापडत नाही. गिऱ्हाईक नाव टाकतं. गूगलचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, टाकत नाही, तो एका लिंकवरून दुसरीवर जातो. ज्या अंकाच्या पानाकडे कुठूनच लिंक नाही, ते त्याच्या लेखी नाहीच. साइटमॅप म्हणजे त्याच्या हातात दिलेली मालाची वही.

एका एजन्सीने आम्हाला दरमहा फी सांगितली होती. प्रत्येक पानाची ‘प्रायॉरिटी’ (पान किती महत्त्वाचं ते सांगणारा साइटमॅपमधला आकडा) वाढवून देऊ, दर महिन्याला साइटमॅप सबमिट करू, असं त्यांचं म्हणणं. प्रायॉरिटीकडे गूगल बघतच नाही, हे गूगलच्याच मदतपानावर लिहिलंय. साइटमॅप बदलल्याची वर्दी देण्याची ‘पिंग’ सोयही त्यांनी २०२३ मध्ये बंद करायला घेतली. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सेवेत साइटमॅपचा पत्ता एकदा भरला की गूगल ती फाइल अधूनमधून आपण होऊन वाचतं. त्या फीच्या पैशांत सुटलेल्या अंकांची बांधणी होते, आणि माझ्या मते तो खर्च जास्त मोलाचा. गूगल पाहतं ती पान शेवटचं कधी बदललं याची तारीख, तीही खरी असेल तरच. वर्डप्रेस ही तारीख ६.५ आवृत्तीपासून देतं, त्यामुळे अपडेट टाळू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सर्च कन्सोलमध्ये साइटमॅपपुढे ‘यशस्वी’ दिसतं, त्याचा अर्थ फाइल वाचली गेली, इतकाच. पानं इंडेक्स झाली का, म्हणजे गूगलच्या शोधसूचीत आली का, हे ‘पेजेस’ अहवालात साइटमॅपनुसार गाळून बघावं लागतं. आमची बरीच पानं तिथे ‘सापडलं, पण इंडेक्स नाही’ अशी पडून होती. त्यांवर ‘जुना दिवाळी अंक, स्थिती बरी’ याहून जास्त काही नव्हतं. मुलीने अंकांच्या अनुक्रमणिका टाइप करून घातल्या, कथा आणि लेखकांच्या नावांसकट, आणि ती पानं हळूहळू शोधात येऊ लागली. लहानपणी वाचलेली एखादी कथा शोधत लोक थेट त्या अंकापाशी पोचतात, तेव्हा फार बरं वाटतं.

पानांच्या मराठी वेबपत्त्यांचं एक सांभाळा. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, नऊ चिन्हांचं होतं आणि वर्डप्रेस दोनशेला कापतं. नुसतं ‘दिवाळी-अंक’ ब्याऐंशी चिन्हं खातं. पुढे अंकाचं नाव आणि संपादक आले की साल कापलं जातं. आम्ही पत्ते रोमन लिपीत ठेवतो, मथळे मराठीत.

साइट चालवणाऱ्या खात्यांची पानंही या साइटमॅपमध्ये येतात. दुकानाला त्यांचा उपयोग नाही. वेबसाइटवाल्याकडून दोन ओळींच्या कोडने काढून घ्या. खरी उणीव चित्रांची आहे. मुखपृष्ठांचे फोटो त्यात येत नाहीत, आणि जुना अंक लोक मुखपृष्ठावरूनच ओळखतात. लक्ष्मी रोडच्या साडीवाल्यांसारखा ज्यांचा धंदा फोटोंवर चालतो, त्यांनी योस्टसारखं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा जादा प्रोग्राम) घालावं. मोफत आवृत्तीतही चित्रं येतात. मात्र त्याने साइटमॅपचा पत्ता बदलतो, तेव्हा सर्च कन्सोलमध्ये नवा भरा आणि जुना काढून टाका.