फौजीचं मत: टपालानं की प्रॉक्सीनं?

गावातली फौजेत असलेली पोरं सुट्टीवर आली आणि निवडणूक जवळ असली की हा प्रश्न हमखास निघतो. मी दोन्ही करून पाहिलंय. 2019 ला टपालानं मत दिलं, मग प्रॉक्सी, म्हणजे माझ्या जागी गावी मत देणारी व्यक्ती, नेमली आणि पेन्शनीवर येईपर्यंत तीच ठेवली. त्यामुळे माझं पारडं कुठं झुकतं ते तुम्हाला कळलंच असेल.

टपाली मत आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. 2016 च्या नियमबदलानंतर मतपत्रिका ऑनलाइन येते. युनिटमध्ये ओटीपी टाकून प्रिंट काढायची, खूण करायची, आतलं पाकीट बंद करायचं, घोषणापत्रावर अधिकाऱ्याची सही घ्यायची, मग बाहेरचं पाकीट. खूण आपल्याच हातची आणि कुणाला केली ते कुणाला कळायचं कारण नाही. हे समाधान प्रॉक्सीत मिळत नाही.

पण येताना वाऱ्यावर आलेला हा कागद परत जातो तो टपालाच्या थैलीतूनच. मोजणी सुरू व्हायच्या आत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे, आणि उमेदवार पक्के झाल्याशिवाय मतपत्रिका तयारच होत नाही. 2019 च्या लोकसभेला आमच्या सांगलीकडं अर्ज माघारीची मुदत 8 एप्रिलला संपली, मोजणी 23 मेला. पाकीट रमतगमत गेलं असतं तरी चाललं असतं. त्याच वर्षी विधानसभेला माघार 7 ऑक्टोबरला आणि मोजणी 24 ला. सगळे मिळून सतरा दिवस.

मी तेव्हा लेहच्या पुढं एका पोस्टवर होतो. नेट खाली, आम्ही वर. प्रिंट रेशनच्या गाडीतून वर आली, खूण झाली, सही झाली आणि रस्ता बंद झाला. डाकेची थैली लंगरच्या कोपऱ्यात रॉकेलच्या जेरीकॅनला टेकून पाच दिवस पडून होती. चहाला जाताना रोज दिसायची. शेवटी गेली. वेळेत पोचली की नाही, पोचली तर मत धरलं की सहीत काही खोट काढून बाजूला टाकलं, ते मला आजतागायत ठाऊक नाही. बाद झालं असतं तरी सोसलं असतं, पण कुणी सांगायला तर हवं! माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

पुढच्या सुट्टीत फॉर्म 13 एफ भरून बायकोला प्रॉक्सी नेमलं. घरी असाल तर नोटरीसमोर सही चालते, युनिटमध्ये असाल तर कमांडिंग ऑफिसरसमोर. प्रॉक्सी त्याच मतदारसंघात राहणारी हवी. एकदा नेमलं की दर वेळी नवा अर्ज नको; मोडायचं झालं तर 13 जी. मात्र उमेदवारी अर्जांची मुदत संपायच्या आत कागद पोचवा, नाहीतर ती निवडणूक हुकते. आणि प्रॉक्सी नेमली की टपाली मतपत्रिका येत नाही.

गुप्तता जाते, हे खरंच. मी फोनवर सांगायचो, ती "हं" म्हणायची. बटण कुठलं दाबलं ते तिला आणि मशीनला माहीत. घरात दोन पक्ष असतील किंवा भावाशी वाटणीचा वाद चालू असेल, तर मुकाट्यानं टपाल धरा.

कुटुंब क्वार्टरमध्ये सोबत असेल तर हिशेब बदलतो. बायकोचं नावही सैनिक मतदारांत लागतं (2021 च्या दुरुस्तीनंतर महिला सैनिकांच्या नवऱ्यांचंही), अठरा पूर्ण झालेल्या मुलांचं मात्र नाही. मग गावी प्रॉक्सी कोण, हा प्रश्न उरतोच. पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत छावणीत, डाक रोज निघते, तिथं टपाल बरं पडेल. पोस्टिंगच्या गावीच साधा मतदार म्हणून नाव लावायचीही सोय आहे, पण बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून. मी त्या वाटेला गेलो नाही.

20 नोव्हेंबर 2024 ला दुपारी फोनवर फोटो आला. डाव्या हाताची दोन बोटं, दोन्हींवर शाई. प्रॉक्सीच्या मताची शाई मधल्या बोटाला लावतात. खाली लिहिलं होतं, "पहिलं माझं, मधलं तुमचं."