'डेमॉक्रसी नाऊ!' : दहा महिने रोज ऐकल्यानंतर

सांगलीत संध्याकाळचे साडेपाच म्हणजे न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली आणि आमची वेळ साडेसहावर आली. गेले दहा महिने, सोमवार ते शुक्रवार, या वेळी मी 'डेमॉक्रसी नाऊ!' ऐकतो. अमेरिकेतला हा चालू घडामोडींचा तासाभराचा कार्यक्रम. आधी बारा-पंधरा मिनिटं बातम्या आणि मग मुलाखती. तो चित्रासह पाहताही येतो, पण मी तो रेडिओ म्हणूनच ऐकतो, कारण माझी ओळख तशीच झाली.

मार्च २०२५ च्या अखेरीस मी आणि सौ. मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. मुलगी-जावई कामाला आणि नातू शाळेत गेला की घरात सामसूम. स्वयंपाकघरात एक छोटा रेडिओ होता. त्यावर ९९.५ एफएम, म्हणजे न्यूयॉर्कचं डब्ल्यूबीएआय केंद्र लागायचं आणि आठला हा कार्यक्रम सुरू व्हायचा. पहिले काही दिवस निम्मंच कळलं. तरी एका गोष्टीकडे लक्ष गेलं, ती म्हणजे उत्तरांची लांबी. मी एसटीत बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, हे लिहिण्याची सवय हाताला आहे. त्याच सवयीने मी उत्तरांच्या वेळा टिपायला लागलो. दोन मिनिटं. तीन मिनिटं. एकदा पावणेपाच मिनिटं, आणि मध्ये कुणी एका शब्दानेही तोडलं नाही.

हे मला इतकं का लागलं, ते सांगतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. मागणी होती महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण करण्याची. मी तेव्हा नोकरीत होतो. एका वृत्तवाहिनीची गाडी आमच्या आगारात आली, दोन वाहकांसमोर माईक धरला आणि "काय भावना आहेत?" असं विचारलं. त्यातला एकजण पगारातले किती हातात येतात, हप्त्यात किती जातात, हे सांगू लागला. रात्री टीव्हीवर त्याचं अर्धं वाक्य आलं आणि मागे घोषणा. नंतर स्टुडिओत चौघे तासभर बोलत होते. त्यांत गाडी चालवणारा किंवा तिकीट फाडणारा एकही नव्हता. विलीनीकरण म्हणजे नेमकं काय होणार, तोट्यातल्या खेड्यापाड्यांच्या फेऱ्यांचा खर्च कुणी उचलायचा, हे त्या सगळ्या महिन्यांत मी एकाही चर्चेत नीट ऐकलं नाही. न्यू जर्सीच्या त्या स्वयंपाकघरात, परक्या देशातल्या परक्या संपाबद्दल ऐकताना, आपल्याला तेव्हा काय मिळालं नाही ते कळलं.

कार्यक्रमाची मुळं सांगितल्याशिवाय त्याची पद्धत समजत नाही. १९९६ साली अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक होती. त्या निमित्ताने १९ फेब्रुवारीला पॅसिफिका रेडिओच्या जाळ्यातून हा कार्यक्रम नऊ केंद्रांवर सुरू झाला. आता तो चौदाशेहून अधिक केंद्रांवर लागतो आणि १९ फेब्रुवारी २०२६ ही त्याची तिसावी वर्षपूर्ती. पॅसिफिकाचं पहिलं केंद्र केपीएफए, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत. ते १९४९ साली सुरू झालं तेच श्रोत्यांच्या वर्गणीवर. या केंद्रांनी त्याची किंमतही मोजली आहे. ह्यूस्टनच्या केपीएफटीचा प्रक्षेपक १९७० मध्ये एकाच वर्षात दोनदा बॉम्बने उडवला गेला, आणि त्यामागे कु क्लक्स क्लान हा गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणारा गट होता.

सुरुवातीपासूनच्या निवेदिका एमी गुडमन. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी त्या पूर्व तिमोरच्या दिली शहरात होत्या. पूर्व तिमोर ही गोव्यासारखीच पोर्तुगीज वसाहत. पोर्तुगीज निघून गेल्यावर १९७५ मध्ये इंडोनेशियाने ती बळकावली. त्या दिवशी सांताक्रूझ दफनभूमीकडे निघालेल्या शोकयात्रेवर इंडोनेशियन सैन्याने गोळीबार केला आणि अडीचशेच्या वर माणसं मारली. एमी आणि त्यांचे सहकारी ॲलन नेर्न सैनिक आणि लोक यांच्या मधे उभे राहिले होते. दोघांना मारहाण झाली, नेर्न यांची कवटी फुटली. तिथून वाचून आलेली बाई माईकसमोर बसते, तेव्हा समोरच्याचं बोलणं ती वेगळ्या कानाने ऐकते, असं मला रोज जाणवतं. त्यांचे प्रश्न लहान असतात. "तुम्ही कुठे उभ्या होतात?" "मग काय झालं?" मत विचारण्याआधी घटना विचारायची, ही त्यांची रीत. सप्टेंबर २०१६ मध्ये नॉर्थ डकोटात तेलवाहिनीला विरोध करणाऱ्या आदिवासी आंदोलकांवर खाजगी सुरक्षारक्षकांनी कुत्री सोडली. त्याचं चित्रण एमींच्या चमूने केलं. एमींवरच अटक वॉरंट निघालं, पुढे दंगलीचा आरोप लावला गेला. ऑक्टोबरात न्यायाधीशांनी तो फेटाळला.

पण मला जास्त जवळचे वाटतात ते सहनिवेदक हुआन गोन्झालेझ. जन्म पोर्टो रिकोतला, तरुणपणी यंग लॉर्ड्स या पोर्टो रिकन लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या न्यूयॉर्क शाखेच्या स्थापनेत, नंतर न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये कित्येक वर्षं स्तंभलेखक. त्या वर्तमानपत्रात १९९०-९१ साली पाच महिन्यांचा संप झाला, त्याचं नेतृत्व त्यांनी केलं होतं. ते प्रश्न विचारतात तेव्हा करारातलं कलम, अर्थसंकल्पातला आकडा, मागच्या वेळचा निर्णय असं काहीतरी हातात असतं. युनियनमध्ये असा एखादा माणूस असतो, फार बोलत नाही, पण परिपत्रकाचा क्रमांक त्याला पाठ असतो. तसे ते वाटतात.

रेडिओचं भान या कार्यक्रमाने सोडलेलं नाही, हेही सांगायला हवं. पाहुणा कोण, कुठून बोलतोय, हे दर थोड्या वेळाने पुन्हा सांगतात, त्यामुळे मधेच ऐकायला लागलेला माणूस हरवत नाही. विरोधी बाजूच्या नेत्याचं बोलणं ध्वनिफितीवरून ऐकवतात आणि मग पाहुण्याला त्यावर विचारतात. वेळ संपली तर मुलाखत तशीच पुढे चालू ठेवतात आणि उरलेला भाग संकेतस्थळावर टाकतात. शिवाय प्रत्येक मुलाखतीचं शब्दांकन फुकट उपलब्ध असतं. माझ्यासाठी हे फार मोलाचं ठरलं. उच्चार कळले नाहीत की रात्री शब्दांकन उघडतो आणि अडलेले शब्द वहीत उतरवतो. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठी आणि मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठी, हे मला असंच समजलं.

आता क्लिंटन यांची मुलाखत. जुना संग्रह खुला आहे, त्यात ती मिळाली. ७ नोव्हेंबर २०००, मतदानाचा दिवस. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन स्वतः रेडिओ केंद्रांना फोन करत होते. अल गोर अध्यक्षपदासाठी, हिलरी सिनेटसाठी उभ्या. दोन मिनिटं बोलायचं, लोकांना मतदानाला बाहेर काढायचं, असा बेत. फोन डब्ल्यूबीएआयला लागला आणि संभाषण चाललं जवळजवळ अर्धा तास. दोन्ही पक्ष बड्या कंपन्यांच्या पैशावर चालतात असं लोकांना वाटतं, त्यांना काय सांगाल? इराकवरच्या निर्बंधांनी मुलं मरताहेत, त्याचं काय? फाशीची शिक्षा? लिओनार्ड पेल्टिए यांना माफी देणार का? क्लिंटन आधी नीट उत्तरं देतात, मग चिडतात, तुमचा सूर शत्रुत्वाचा आणि अनादराचा आहे असं सुनावतात. पण फोन ठेवत नाहीत. एमी आवाज चढवत नाहीत आणि प्रश्नही सोडत नाहीत. नंतर व्हाइट हाऊसकडून नाराजी आली, तेव्हा त्यांचं उत्तर साधं होतं. फोन राष्ट्राध्यक्षांनी केला होता, मी नाही.

मी ती मुलाखत चार वेळा ऐकली. पेल्टिए हे आदिवासी हक्कांच्या चळवळीतले कार्यकर्ते. १९७५ मध्ये साउथ डकोटातल्या पाइन रिज इथे एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले, त्या खटल्यात त्यांना जन्मठेप झाली होती. क्लिंटन काही न करता पायउतार झाले. पुढे बायडन यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, पद सोडता सोडता, त्यांची उरलेली शिक्षा घरी स्थानबद्धतेत बदलली आणि फेब्रुवारीत ते तुरुंगातून बाहेर आले. तोवर त्यांनी पन्नासच्या आसपास वर्षं आत काढली होती. फोनवर विचारलेल्या त्या प्रश्नाला चोवीस वर्षं उलटली होती.

याच मुलाखतीवरून माझी मुख्य तक्रारही सांगता येते. इतकं चांगलं उलटतपासणीचं कसब ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासमोर बहुतेक वेळा त्यांच्याच बाजूचे पाहुणे बसलेले असतात. तिथे धार कमी होते. जोहरान ममदानी २०२५ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले, त्यांचं एक मोठं आश्वासन फुकट बससेवेचं होतं. तो विषय निघाला की माझ्या डोक्यात आगारातले प्रश्न उभे राहतात. प्रवासी वाढले तर जादा गाड्या कुठून? जादा चालक? तिकिटाचं उत्पन्न बुडेल ते कोण भरून देणार, आणि ते दरवर्षी वेळेवर येईल का? आपल्याकडे ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला. लोकांचं भलं झालं, गाड्या भरल्या, हे मी पाहिलंय. फलाटावरची गर्दी आणि अपुऱ्या गाड्या हेही पाहिलंय. चांगल्या धोरणालाच असे प्रश्न विचारायला हवेत, कारण ते टिकायला हवं. मित्राला अडचणीचं विचारणं शत्रूला विचारण्यापेक्षा अवघड असतं. या कार्यक्रमाकडून मला ते अधिक हवं आहे.

बीबीसीचा 'हार्डटॉक' हा मुलाखतींचा कार्यक्रम १९९७ पासून चालू होता, मार्च २०२५ मध्ये बंद झाला. तिथे समोर कुणीही असो, त्याला भट्टीत बसवायचे. राजकारण्यांसाठी तीच पद्धत योग्य. पण घर पाडलं गेलेल्या बाईला किंवा संपावरच्या परिचारिकेला त्या भट्टीत बसवून काय मिळणार? तिथे एमींची रीतच खरी. मला दोन्ही हव्या आहेत, आणि एक बंद पडली याचं वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट, हा तास जड असतो. युद्ध, उपासमार, हद्दपारी. सौ. पूर्वी सोबत ऐकायची, गाझातल्या रुग्णालयांबद्दल ऐकल्यावर ती उठून गेली आणि आता फक्त बातम्यांपुरती बसते. मी तिला आग्रह करत नाही. मुलाखतींच्या मध्ये थोडं संगीत असतं, तेवढाच विसावा.

आर्थिक बाजू मात्र मनापासून पटली. जाहिरात नाही, कंपन्यांचं प्रायोजकत्व नाही, सरकारी पैसा नाही. श्रोते आणि न्यास यांच्या देणग्यांवर चालतं. जुलै २०२५ मध्ये, मी तिथे असतानाच, अमेरिकन काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी मंजूर झालेले सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले. तो पैसा वाटणाऱ्या महामंडळाने ऑगस्टमध्ये गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. त्या आठवड्यांत लहान गावांतल्या केंद्रांचं काय होणार याबद्दल ऐकताना मला आपला रेडिओ आठवत होता. आपल्याकडे खाजगी एफएमना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही, आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशाच लावाव्या लागतात. म्हसवडच्या 'माणदेशी तरंग'सारख्या सामुदायिक केंद्रांनाही तोच नियम. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटलेलं आहे. तरीही माण तालुक्यातला टँकर का आला नाही, हे तिथलं केंद्र बातमी म्हणून सांगू शकत नाही. हे बदलायला हवं असं मी आता भेटेल त्याला सांगतो.

ऐकायचं असेल तर थेट मुलाखतींपासून सुरुवात करू नका. पहिले पंधरा दिवस नुसत्या बातम्या ऐका, कानाला उच्चार बसतात. मग शब्दांकन समोर ठेवून एकेक मुलाखत. रोज तास जमत नसेल तर आठवड्यातून दोन दिवस पुरतात.

गेल्या महिन्यात मी त्या वाहकाला घरी बोलावलं, ज्याचं टीव्हीवर अर्धं वाक्य आलं होतं. "साहेब, आता काय उपयोग?" म्हणाला, पण आला. मी विचारलं, "पगारातले किती हातात यायचे, तिथून सांग." तो सव्वीस मिनिटं बोलला. मी मध्ये दोनदाच तोंड उघडलं. ध्वनिमुद्रण त्याच्या परवानगीने फोनवर आहे, रोज थोडं थोडं लिहून काढतोय. सध्या सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्यापर्यंत आलोय.