बसलेल्या टाचेला वेज पॅड की टोक मागे घेणं?

पुढच्या खुरांची टोकं लांबलेली, टाचा पुढे सरकून बसलेल्या आणि टणक जमिनीवर वळताना घोडा मान उडवतोय. एक्स-रे झालाय, तळव्यात पू नाही, एवढं गृहीत धरतो.

वेज पॅड म्हणजे खूर आणि नाल यांच्यामध्ये बसवायची, टाचेकडे जाड असलेली पाचर. तिचा गुण लगेच दिसतो. टाच दोन-तीन अंश उचलली की खुरामागून जाणाऱ्या कंडरेचा ताण उतरतो, खुराच्या आत मागच्या बाजूला असलेल्या छोट्या नाविक्युलर हाडावरचा दाबही कमी होतो. काही घोडे नाल ठोकल्या दिवशीच मोकळे चालतात. कंडरेला खरोखर इजा असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर एक-दोन नालबंदीपुरता पॅड लावायला माझी हरकत नाही.

टोक मागे घेण्यात काम जास्त. तळव्याची सर्वांत रुंद रेघ आधी खडूने आखा. तिच्या पुढे आणि मागे अंतर साधारण सारखं यायला हवं. आत दुमडलेली टाच कानशीने निरोगी शिंगापर्यंत, म्हणजे खुराच्या चांगल्या कठीण कवचापर्यंत, मागे न्यायची. इथेच बहुतेक नालबंद कचरतात: ‘टाच आधीच कमी, अजून कशाला कापू?’ पण दुमडलेलं शिंग भार पेलत नाही, ते ठेवलं की टाच आणखी पुढेच सरकते. मग टोकाला गोलाई दिलेली नाल खुराच्या लांबलेल्या कडेवर न बसवता मागे बसवायची. नालेची मागची टोकं टाचेच्या थोडी मागे निघू द्यायची. तळवा पातळ करायचा नाही.

माझ्यापुरता निकाल पावसाळ्याने लावला. माथेरान-महाबळेश्वरच्या चिखलात पॅडखाली माती आणि लीद जाऊन बसते, आणि नाल काढल्याशिवाय ती निघत नाही. नाल काढली की काळपट, घाण वासाचा लगदा, आणि तळव्यामधला मऊ त्रिकोण सडलेला. सिलिकॉन भरलं की हे लांबतं, टळत नाही. वर उचललेल्या टाचेवरच भार वाढल्याने ती अजून चेपलेली दिसते, म्हणजे पुढच्या खेपेला आणखी जाड पॅड! माझ्या पाहण्यात तरी हे चक्र आपोआप थांबलेलं नाही.

टोक मागे घेतलं तर धीर धरावा लागतो. शिंग महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतं, टोकाला पूर्ण नवं यायला नऊ ते बारा महिने. दर चार-पाच आठवड्यांनी नालबंद मिळायला हवा. तो दोन महिन्यांनीच उगवणार असेल, तर टोक पुन्हा पुढे गेलेलं असतं.