मोंढ्यातल्या सर्व्हरवर यूएफडब्ल्यू फायरवॉल, ८ महिन्यांनंतर

लातूरच्या मोंढ्यात मेव्हण्याची आडत आहे. हिशेब आणि फाईल शेअरिंगचा सर्व्हर म्हणजे दुकानातला जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन १२ ही लिनक्स. सांभाळतो मी, उदगीरहून, एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून. फेब्रुवारीत लॉग उघडला तर रात्रभर कोणकोण रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशी नावं लावून बघत होतं.

आधी टीसीपी रॅपर्स लावलं, म्हणजे आयपी पत्ता बघून कोणाला आत सोडायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर. वीत्से वेनेमांनी १९९० मध्ये लिहिलेलं, जुनं पण सोपं. हॉस्ट्स डॉट अलाऊ या परवानगीच्या फाइलीत माझ्या घरचा आयपी टाकला आणि आठवडाभर निर्धास्त झोपलो. मनाईची फाइल, हॉस्ट्स डॉट डिनाय, मात्र कोरीच होती! दोन्ही फाइलींत नाव नसलेल्याला हे रॅपर सरळ आत सोडतं. शिवाय ओपनएसएसएचने (सर्व्हरवर एसएसएच चालवणारा प्रोग्राम) स्वतः २०१४ मध्येच याचा आधार काढलाय, डेबियनने तो वेगळा जोडून ठेवलाय. म्हटलं, यावर विसंबायला नको.

मग यूएफडब्ल्यू, म्हणजे कोणतं कनेक्शन आत येऊ द्यायचं ते ठरवणारं लिनक्सचं फायरवॉल. बाहेरून येणारं सगळं बंद, एसएसएचचा पोर्ट २२ फक्त माझ्या आयपीला, फाईल शेअरिंगच्या सांबाचा ४४५ फक्त दुकानातल्या नेटवर्कला. नियम चुकून मीच बाहेर अडकलो तर म्हणून, चालू करण्याआधी 'अ‍ॅट'ने (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम) १० मिनिटांनी ते आपोआप बंद होईल अशी सोय केली. ही एक गोष्ट मात्र विसरू नका.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, उदगीरची लाईट गेली. आली तेव्हा राऊटरला नवा आयपी. माझ्याच नियमाने मी बाहेर! यूएफडब्ल्यू बंद करायची कमांड सांगायला दुकानातल्या मुनीमकाकांना फोन लावला.

"काका, एस, यू, डी, ओ..."

"डब्ल्यू म्हणजे दोन व्ही का हो?"

पासवर्ड सांगितला तर काकांनी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकलं. समोर शेतकरी, हमाल, सगळे. त्याच संध्याकाळी बदलला.

तेव्हापासून एसएसएच वायरगार्ड या व्हीपीएनमधूनच, म्हणजे दोन्हीकडच्या मशीनमधल्या खाजगी, कुलूपबंद बोगद्यातून (टनेल). बाहेर फक्त यूडीपी ५१८२० उघडा, आणि किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. माझा आयपी कितीही बदलो, ओळख किल्लीची. यूएफडब्ल्यूमध्ये आता तीन ओळी उरल्यात, त्याही वाचल्या की कळतात. काकांना पुन्हा फोन करावा लागला नाही.

एकच कटकट. लातूरची लाईट गेली की तिकडचा आयपी बदलतो, आणि वायरगार्ड डायनॅमिक डीएनएसचं नाव (बदलत्या आयपीकडे नेणारं कायमचं नाव) फक्त टनेल सुरू होतानाच बघतं. मग इकडे तो हाताने बंद-चालू करायचा. सोयाबीनची आवक सुरू झालीय, हे आपोआप व्हावं म्हणून क्रॉनमध्ये (ठरावीक वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) ओळ टाकायची अजून राहिलीच आहे.