कंपनीचा रंग की मागून मारलेला?

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात जुनी डायकास्ट गाडी (धातू साच्यात ओतून केलेली खेळण्यातली मोटार) हाती लागली, रंग नेहमीचा नाही. आधी गाडी उलटी करा.

कारखान्यात जस्ताच्या मिश्रधातूची बॉडी आधी रंगते, मग काच, सीट, बेस (तळाचा भाग) बसवून रिव्हेट (बॉडी नि बेस जोडणारी धातूची खीळ) ठोकतात. त्यामुळे अस्सल गाडीत रिव्हेटचं डोकं उघड्या धातूचं, चकाकतं किंवा जुनाट काळवंडलेलं. मागून रंगवलेल्या गाडीत तेच ड्रिल केलेलं, मागे स्क्रू किंवा गोंदाचा ओघळ. उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर बसणाऱ्याला ड्रिलची खूण एका नजरेत कळेल!

रिव्हेट शाबूत असला तरी फसू नका; गाडी न उघडताही रंग मारतात. मग काचेच्या कडेला फवारा सापडतो, दरवाजाच्या रेघा नि बारीक अक्षरं भरून गेलेली असतात. दहापट भिंग आणि टॉर्च घेऊन चाकाच्या कमानीतून आत पाहा: आत वेगळा रंग दिसला, तर संशय पक्का.

तिसरी भानगड उन्हाची. जांभळा उडून निळसर होतो आणि दुर्मीळ म्हणून खपतो. बेसखाली झाकलेल्या कडेला मूळ छटा टिकते, ती बघा. थिनर मात्र लावू नका, अस्सल रंगही जाऊ शकतो.