ऑइलच्या दिव्यासाठी उद्यमनगरातलं गॅरेज

गाडी तापली की सिग्नलला ऑइलचं प्रेशर कमी असल्याचा लाल दिवा लुकलुकायचा. आधीच्या मेकॅनिकनं "जाड ऑइल घाला, प्रेशर वाढेल" म्हणून वाटेला लावलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजवाल्या मामांनी आधी डिपस्टिक बघितली, मग ऑइल स्विच (प्रेशर कमी झालं की दिवा लावणारा) काढून तिथं प्रेशर मोजणारं काट्याचं गेज लावलं. गरम इंजिन, आयडलिंगला प्रेशर एक बारच्या वर! ऑइल पंप ठणठणीत, स्विचच गेलेला.

मामा म्हणाले, "प्रेशर म्हंजे ऑइलला होणारी अडवणूक वो. जाड ऑइलनं काटा चढतोय, पण सकाळी गार इंजिनात जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून बरंच ऑइल परत खालच्या चेंबरात. बेअरिंगला काय मिळणार?"

पुस्तिकेतल्याच ग्रेडचं ऑइल भरलं, नवा स्विच बसवला. मजुरी किरकोळ. शनिवारी मात्र जाऊ नका, बसायला एकच बाकडं आहे.