साउंडबारमधून बदक बोलतंय: फिल्टर, फेराइट की कमी पॉवर?

तुम्ही हॅम रेडिओवर, ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडवर एसएसबीत (आवाजी गप्पांच्या पद्धतीत) बोलताय आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या साउंडबारमधून बदकासारखी बडबड येतेय. सोसायटीकडे पत्र जायच्या आत काहीतरी करायला हवं. तीन वाटा आहेत.

पहिला सल्ला मिळतो तो लो-पास फिल्टरचा. माझं मत: पैसे राखून ठेवा. हा फिल्टर साधारण ३० मेगाहर्ट्झच्या वरचे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नकोसे सिग्नल) अडवतो. गच्चीवरच्या अँटेनाने दूरदर्शन दिसायचं, तेव्हा त्याची खरी गरज होती. २१ मेगाहर्ट्झची तिप्पट ६३, म्हणजे थेट ४७ ते ६८ च्या टीव्ही बँडमध्ये. साउंडबार मात्र तुमचं चोख ७ मेगाहर्ट्झच पकडतोय. त्याची वायर अँटेना होते, आतला अँप्लिफायर डिटेक्टर (रेडिओ सिग्नलमधून आवाज काढणारा) होतो. फिल्टर जे बिनतक्रार पुढे सोडतो, तेच तर तिथे पोचतंय. घरी बांधलेली रिग (रेडिओ संच) किंवा जुना लिनियर (पॉवर वाढवणारा अँप्लिफायर) असेल तर गोष्ट वेगळी.

फेराइटवर (वायरवरचा रेडिओ करंट अडवणारा चुंबकीय पदार्थ) माझा भरवसा जास्त, पण नीट वापरलं तर. वायरवर खटकन बसणारा एक मणी एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) जवळजवळ शोभेचाच. रोध रिंगमधून घेतलेल्या वायरच्या वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. एकाऐवजी सात वेढे घेतले तर ढोबळमानाने ४९ पट. मोठी टोरॉइड रिंग घ्या, मिक्स ३१ (फेराइटचा एक प्रकार) ची. पहिली रिंग आपल्याच कोअॅक्सवर (रिगपासून अँटेनाकडे जाणारी केबल), ती अँटेनाला जिथे जोडते त्या फीडपॉइंटपाशी; तिला कोणाची परवानगी लागत नाही. एंड-फेड (एका टोकालाच केबल जोडलेली) अँटेना असेल तर तिथेच अर्धं काम होतं, कारण तिचा करंट कोअॅक्सच्या बाहेरून घरभर फिरतो. तरीही बडबड राहिली तर लायसन्सवाल्या मित्राला रिगवर बसवा आणि तुम्ही काकूंच्या हॉलमध्ये उभं राहून एकेक वायर काढून बघा: सबवूफरची, एचडीएमआय, मग अॅडॅप्टरची. जी काढल्यावर आवाज थांबेल, तिच्यावर रिंग. साउंडबार उघडायचा नाही, काकूंनी आग्रह केला तरी!

पॉवर कमी करणं फुकट आणि आजच्या आज जमणारं. १०० वॉटचे २५ केले तर समोरच्या स्टेशनला एक एस-युनिट (सिग्नलच्या ताकदीचं माप) कमी मिळतं, पण साउंडबारमधली बडबड बहुधा चौथ्या हिश्श्यावर येते, कारण डिटेक्शन वर्गाच्या नियमाने होतं. सौदा वाईट नाही. ५ वॉटवर आवाजी गप्पा कठीण, एफटी८ (कॉम्प्युटरवरून छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) मजेत चालतं. शिवाय त्याची पातळी स्थिर असल्यामुळे बडबड नाही, फार तर सुरुवातीला आणि शेवटी एक टक्.

अँटेनासाठी गच्ची मिळाली असेल तर आधी फेराइट, आणि रिंग येईपर्यंत २५ वॉट. भाड्याच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीतच अँटेना असेल आणि काकूंची भिंत हाताच्या अंतरावर, तर रिंगांवर खर्च करण्याआधी ५ वॉट आणि एफटी८ धरा.